दुपटे, तुकड्यांचे

तान्ह्या बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली अंथरण्यासाठी उरलेल्या सुती कापडाचे चौकोन जोडून शिवलेली लहान, पातळ गोधडी. गोधडीला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. दुपटे हे तिचे सर्वांत छोटे रूप. नावाप्रमाणे ते मुळात दुपदरी असते. झबली, टोपडी, कुंची यांच्याबरोबर बाळंतविड्यात दुपटी असतातच, आणि ती एकदोन असून भागत नाही. बाळ दिवसातून कितीदा ओले करील याचा नेम नसतो, त्यामुळे डझनभर दुपटीही पावसाळ्यात कमी पडतात. मोठी गोधडी महिनाभर चालली तर चालते, दुपटे मात्र एका दुपारी हातावेगळे व्हावे लागते. झटपट शिवणे ही इथे आळसाची वाट नाही, ती या वस्तूची गरजच आहे.

कापड जुने असावे. पुष्कळ घरांत बाळाला पहिले वस्त्र आजी-आजोबांच्या वापरलेल्या कापडाचे घालतात. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी शेकडो धुण्यांनी मऊ झालेले लुगडे किंवा धोतर नव्या कापडापेक्षा कोवळ्या त्वचेला मानवते, हे हात लावताच कळते. शिंप्याकडच्या नव्या चिंध्या घेतल्या तर त्या आधी धुऊन, आटवून घ्याव्यात. लाल आणि निळीचे कापड वेगळे भिजवून रंग जातो का ते पाहावे. टेरिकॉट, जर, टिकल्या, बटणे यांना दुपट्यात जागा नाही. खणाचे तुकडे दिसायला देखणे असले तरी ते टोचतात आणि घाम टिपत नाहीत.

सोयीचे माप ५ इंचांचा चौकोन. चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत गेला की साडेचार इंच उरतात. सहा चौकोनांची एक ओळ, अशा आठ ओळी, म्हणजे ४८ चौकोनांतून साधारण २७ बाय ३६ इंचांचे दुपटे तयार होते. पुरुषाच्या जुन्या सदऱ्याच्या पाठीतून डझनभर चौकोन सहज निघतात. कापताना उभा-आडवा धागा सांभाळावा. उरेब कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि सगळी ओळ वाकडी करतो. रंगसंगतीत मात्र फार वेळ घालवू नये. गाठोड्यातून हाताला येईल तो तुकडा घ्यावा आणि एकच छाप शेजारी-शेजारी येणार नाही एवढेच पाहावे. काकूच्या साडीशेजारी आजोबांचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आला की जी गंमत येते, ती नीट जुळवून आणता येत नाही.

खरा वेळ वाचतो तो मशीनवर. दोन-दोन चौकोनांच्या जोड्या दोरा न तोडता एकामागून एक सुईखाली सरकवाव्यात. पताकांसारखी माळ तयार होते, ती नंतर कापावी. एकूण ४० आखूड टिपा आणि ओळी जोडणाऱ्या ७ लांब टिपा. इस्त्री करताना एका ओळीची शिलाई डावीकडे, पुढच्या ओळीची उजवीकडे दाबावी, म्हणजे जोडांवर कापडाची गाठ येत नाही आणि कोपरे आपोआप जुळतात.

अस्तराला नऊवारी उत्तम. तिच्या ३२४ इंच लांबीतून, पन्हा पुरेसा असेल तर, ११ दुपट्यांची अस्तरे निघतात. झिजलेला भाग वगळला तरी सात-आठ कुठे गेली नाहीत. मध्ये फार तर जुन्या चादरीचा एक थर. कापूस भरू नये, कारण जाड दुपटे वाळत नाही आणि दमट दुपट्याला वास येतो. कडेला गोट लावत बसण्यापेक्षा उशीच्या अभ्र्याची युक्ती वापरावी: जोडकाम आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर, चादरीचा थर त्यांच्याबाहेर, चारही कडांना टीप घालताना वीतभर जागा सोडावी, कोपऱ्यांची टोके छाटावीत आणि त्या जागेतून सगळे उलटवावे. उघडी जागा हाताने तुरपली की कडा तयार. शेवटी पदर सरकू नयेत म्हणून धावदोरा घालावा. इथे मशीन बाजूला ठेवावे असे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण हाताचा सैल टाका कापडाला श्वास घेऊ देतो आणि धुण्यागणिक त्याला बारीक, सुरेख सुरकुत्या पडतात.

या कामाची भावंडे दूरवर आहेत. बंगालचा काँथा आणि बिहारची सुजनी ही जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवूनच होतात, आणि सुजनी नवजात बाळासाठी शिवण्याची रीत होती. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंद शिवताना कडेपासून मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांत कापडी फुले बसवतात.

वापराबाबत एक सावधगिरी महत्त्वाची. वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण असू नये, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. तोंडावर आल्यास गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून दुपटे जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला, बाळ जागे असताना आणि कुणी जवळ असताना वापरावे. विरलेले दुपटे टाकून देत नाहीत. चादरीच्या थराऐवजी ते नव्या दुपट्याच्या पोटात घालतात.