सोलापूर परिसरातील उपेक्षित पुरातन स्थळे आणि आपले कर्तव्य

भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील संगमेश्वराच्या देवालयातील एका तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा एक छोटा लेख कोरलेला आहे. त्याच्या अखेरीस मराठीत जे सांगितले आहे त्याचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. मराठीच्या उपलब्ध शिलालेखांपैकी अगदी आरंभीच्या लेखांत याची गणना होते. कोकणातील अक्षीचा लेख शके ९३४ चा मानला जातो आणि श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ओळी तर सर्वश्रुतच आहेत. तेव्हा अग्रमान कोणाचा, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. आम्हांस महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. वाचणाऱ्याला विजयाचे अभिवचन देणारा हा दगड शतकानुशतके वाचकाची वाट पाहत राहिला. देवालय होते, गाव होते, नद्यांना पूर येत होते आणि ओसरत होते; नव्हता तो केवळ तुळईकडे मान वर करून पाहणारा जाणता मनुष्य.

तो वाचक लाभला सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या रूपाने. त्यांच्यापाशी विद्यापीठाचे आसन नव्हते. आपल्या जिल्ह्यातील खेडोपाडी हिंडावे, देवळाच्या ओवरीत, पाराच्या कट्ट्यात, वेशीच्या कोपऱ्यात अक्षरे शोधावी आणि ती वाचून लोकांपुढे मांडावी, हे व्रत त्यांनी आयुष्यभर चालविले. त्यांनी उजेडात आणलेल्या लेखांत कानडी लेख पुष्कळ आहेत, आणि सोलापूरचा प्राचीन इतिहास समजून घेण्यास त्यांचा फार मोठा उपयोग झाला आहे. पुढे याच कुडल येथे जमिनीखाली गाडले गेलेले हरिहरेश्वराचे देवालय मोकळे करण्यात आले आणि बहुमुखी शिवलिंग प्रकाशात आले. त्या एका लिंगावर ३५९ मुखे कोरलेली असून, मूळ लिंग धरून ती संख्या ३६० मानतात. सोलापूरपासून काही तासांत जाऊन परत येता येईल अशा अंतरावर हे शिल्प आहे. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी कितीजणांनी ते पाहिले असेल, याचा विचार सुज्ञ वाचकांनी स्वतःच करावा.

दुर्मीळ स्थळांचे सामुदायिक दर्शन ही कल्पना आपल्या गावाला नवी नाही. किंबहुना सोलापूरइतकी ती क्वचितच कोठे रुजली असेल. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी सोन्नलगी नगरीच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज पेलून, पांढरी बाराबंदी परिधान केलेले भक्तजन या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत प्रदक्षिणा घालतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, त्यानंतर होम, शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी. या नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या घराण्यांकडे व समाजांकडे वाटलेले आहेत. एवढा अवजड ध्वज तोल सांभाळून चालविणे हे पगारी माणसाचे काम नव्हे. त्यासाठी आधी कित्येक दिवस सराव करावा लागतो, आणि तो करणारे तरुण आपापला मान म्हणून तो करतात.

या प्रथेकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे दुसरे एक महत्त्व ध्यानात येते. वाढत्या शहराने ही लिंगे चोहोबाजूंनी वेढली आहेत. रस्ते बदलले, वस्त्या उठल्या, नवी घरे उभी राहिली. तथापि वर्षातून एकदा का होईना, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी शेकडो माणसे जाऊन उभी राहतात, म्हणून ती जागा कोणती हे गावाच्या स्मरणात राहते. नकाशात नोंद नसली तरी पायांना वाट ठाऊक असते. जेथे असे कोणी जात नाही तेथे प्रथम नाव जाते, मग दगड जातो.

याउलट स्थिती ज्यांच्या वाट्यास आली अशा वास्तूही आपल्याकडे आहेत. भुईकोट किल्लाच घ्या. बहामनी काळात उभारलेला हा दुहेरी तटाचा कोट एका अंगास सिद्धेश्वर तलाव आणि इतर अंगांस खंदक, अशा बंदोबस्ताने बांधलेला आहे. तालिकोटच्या लढाईपूर्वी (१५६५) चांदबिबीच्या विवाहप्रसंगी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने तो विजापूरच्या अली आदिलशहास दिला. पुढे मोगल, मग पेशवे, आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेपुढे शेवटच्या पेशवाई शिबंदीने येथेच शस्त्र खाली ठेवले. तटाच्या आत पुरातन देवालयाचे अवशेष आहेत. म्हणजे किल्ल्याच्याही आधीचे सोलापूर त्या मातीत आहे. बागेत फिरावयास जाणारे लोक हा तट रोज पाहतात, परंतु त्यातील कोणता थर कोणत्या राजवटीचा, हे दाखविणारा सोबती त्यांना लाभत नाही. दार उघडे असूनही वास्तू मिटलेली राहते, ती अशी.

गिरण्यांची गोष्ट तर आपल्या घरांतलीच आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी निघाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारी माणसे एका भोंग्यावर उठू लागली. याच कामकरी शहराने १९३० मध्ये परसत्तेला आव्हान दिले, मे व जून महिन्यांत लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा हे चार पुत्र येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेले पाहिले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या आवारांत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळ्या केल्या, त्यांत पाऊल टाकण्याचा प्रसंग त्यांच्या नातवंडांस येत नाही. आणि आवार मोडले गेल्यावर तो कधीच येणार नाही.

अन्य देशांनी या बाबतीत काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. फ्रान्समध्ये १९८४ साली वर्षातील एक दिवस असा नेमण्यात आला, की एरव्ही बंद असणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंची दारे त्या दिवशी सर्वांस मोकळी व्हावी. १९९१ पासून ही चाल युरोपभर पसरली. लंडन शहरात १९९२ पासून असाच उपक्रम सुरू झाला. तेथे वास्तू दाखविण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. योगायोग असा, की आपल्या देशात वारसा जतनासाठी ‘इन्टॅक’ ही संस्था स्थापन झाली तीही १९८४ सालीच. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन म्हणून सर्वत्र पाळला जातो. म्हणजे दिवस आहे, संस्था आहे, परंपरा तर आठ शतकांची आहे. उणीव आहे ती घरोघरच्या माणसांची.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. गर्दी गेली की कचरा जातो, नावे कोरली जातात, खाजगी वाड्यांच्या मालकांस उपसर्ग होतो. म्हणून आमचे म्हणणे असे, की जावे ते थोड्यांनी, अनुमतीने आणि जाणत्या माणसासह. वीस-पंचवीसांहून अधिक जण एका वेळी नसावेत. किल्ली ज्याच्यापाशी असेल त्या पुजाऱ्याला, राखणदाराला किंवा मालकाला आधी भेटावे. त्याच्याइतकी त्या जागेची माहिती पुष्कळदा कोणासही नसते. कानडी आणि मोडी वाचणारा एखादा तरी सोबत असावा. शिलालेखावर तेल, शेंदूर, चुना वा खडू लावू नये. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेही आपोआप उठून दिसतात. वीरगळाला रंग देणे ही भक्ती वाटते, पण त्यामुळे शिल्पाची रेषा बुजते. संरक्षित स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्याचा आधार आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. परंतु कायद्याच्या यादीत नसलेले दगडच अधिक आहेत, आणि त्यांचा पहारा गावकऱ्यांशिवाय कोण करणार?

ज्ञातिसंस्थेने हे काम का अंगावर घ्यावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर नंदीध्वजांच्या परंपरेतच आहे. तेथे प्रत्येक समाजाने आपला वाटा उचलला, म्हणून सर्व गावाची यात्रा उभी राहिली. आपल्या घरांतही जुने वाडे आहेत, माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी आहेत, गिरणीतील पाळ्यांच्या आठवणी सांगणारे वृद्ध आहेत. वाडा विकण्यापूर्वी, गाठोडे वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी, त्यांची दारे एक दिवस तरी आपल्याच मुलाबाळांसाठी उघडावी.

सभासद बंधु-भगिनींस आमची विनंती एवढीच, की येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावातील एखादे तरी अपरिचित स्थळ मुलांसह पाहून यावे आणि त्याचे नाव, ठिकाण, किल्ली कोणापाशी असते आणि आज अवस्था कशी आहे, एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहून मंडळाकडे पाठवाव्या. असे शंभर कागद गोळा झाले, तरी सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासास ते उपयोगी पडतील.