२,१४,७४,८३,६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ च्या एकतिसाव्या घातातून १ वजा केल्यास ती मिळते. म्हणून ती २^३१ − १ अशीही लिहितात. ही आठवी मर्सेन मूळ संख्या होय.

मर्सेन संख्या म्हणून स्थान

२^न − १ ही संख्या मूळ असण्यासाठी न हा घातांक मूळ असावा लागतो. मात्र तेवढे पुरेसे नसते. उदाहरणार्थ, ११ ही मूळ संख्या असूनही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. फ्रेंच विद्वान मारें मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ चा समावेश होता. त्या यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. ३१ बरोबर ठरला.

मूळत्वाची सिद्धता

लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचे कळवले. तिचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ आहे. त्याहून लहान अशा सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरळ मार्ग होता. परंतु प ही मूळ संख्या तिचा विभाजक असेल, तर पुढील दोन अटी पाळल्या जातात:

• प ला ६२ ने भागल्यास बाकी १ उरते.
• प ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्यास प ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरू शकते. वर्गमूळाच्या मर्यादेत अशा संख्या चारशेहून कमी आहेत आणि त्यांपैकी केवळ मूळ संख्याच तपासाव्या लागतात. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही.

इतर गुणधर्म

• ३१ = २^५ − १ ही स्वतः मर्सेन मूळ संख्या असल्याने ही दुहेरी मर्सेन मूळ संख्या ठरते. ७, १२७ आणि २^१२७ − १ या तिच्याखेरीज ज्ञात असलेल्या इतर तीन होत.
• २^३० × (२^३१ − १) = २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या आहे.
• द्विमान पद्धतीत ती सलग एकतीस १ अंकांनी लिहिली जाते.

संगणकशास्त्रातील उपयोग

३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची ही कमाल किंमत आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. या मर्यादेचा संख्येच्या मूळत्वाशी संबंध नाही. ती केवळ २^३१ − १ या रूपातून येते.

छद्म-यादृच्छिक संख्या निर्माण करताना मात्र मूळत्वच उपयोगी पडते. आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणून २^३१ − १ ने भागल्यावर उरणारी बाकी ही पुढची संख्या, अशी एक प्रसिद्ध पद्धत आहे. मापांक मूळ असल्याने आणि गुणक योग्य निवडल्याने १ ते २,१४,७४,८३,६४६ यांतील प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच क्रम पुन्हा सुरू होतो.