गर्भदोषांचे प्रारंभिक प्रसूतिपूर्व निदान

गर्भाच्या शरीररचनेतील किंवा गुणसूत्रांतील दोष गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतच ओळखण्याच्या वैद्यकीय पद्धतींना ही संज्ञा लावतात. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंत गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिमी. असताना, सोनोग्राफीने त्याच्या मानेमागे त्वचेखाली साचलेल्या द्रवाची जाडी मोजतात; ही तपासणी एनटी स्कॅन म्हणून ओळखली जाते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रोस निकोलाइडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या जाडीचा गुणसूत्रदोषांशी असलेला संबंध मांडला. ती ३.५ मिमी. किंवा अधिक असल्यास डाउन सिंड्रोम, हृदयदोष इत्यादींची शक्यता वाढते. कवटी व मेंदू नीट न घडण्यासारखे गंभीर व्यंग तर याच वेळी प्रत्यक्ष दिसू शकते.

एनटी स्कॅन आणि मातेच्या रक्ताच्या चाचण्या केवळ जोखीम सांगतात. गुणसूत्रदोषाचे पक्के निदान वारेतील पेशी तपासून अथवा, पंधराव्या आठवड्यानंतर, गर्भजल परीक्षणाने होते. या दोन्हींत गर्भ पडण्याचा अल्प धोका असल्याने त्या सरसकट केल्या जात नाहीत.

पहिल्या तिमाहीत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचे दोष असतात आणि त्यांतील बहुतेक गर्भधारणेच्या वेळीच योगायोगाने उद्भवतात. त्यामुळे पपई खाल्ली, ग्रहण पाळले नाही किंवा पाण्याची कळशी उचलली म्हणून गर्भ पडला, असा ठपका स्त्रीवर ठेवणे निराधार व अन्यायाचे आहे.

गर्भजल परीक्षणाचा लिंगनिवडीसाठी गैरवापर होऊ लागल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, त्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. ती उलटल्यावर गर्भाच्या हृदयातील गंभीर दोषामुळे गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या एका दांपत्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये फेटाळली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या स्त्रीचा गर्भ आपोआप पडला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने, चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. तरीही निदान जितके लवकर होईल तितका पुढील तपासण्यांना, समुपदेशनाला आणि निर्णयाला अवधी मिळतो. म्हणून पहिल्या तिमाहीतील तपासणी प्रत्येक गर्भवतीला वेळेवर उपलब्ध होणे अगत्याचे आहे.