कागदावरचा पडीक सडा

वीज मंडळात लाइनमन म्हणून मी पस्तीस वर्षं काढली. राजापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांत पहिला दिवा लागला तेव्हा खांबावर मी होतो. म्हणून माडबनच्या लोकांना कुणी विजेचे वैरी म्हटलं की मला ते सोसत नाही. त्यांचं भांडण सुरू झालं ते एका शब्दावरून : पडीक.

नाव जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचं, जमीन माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची. सुमारे ९३८ हेक्टर. सरकारी कागदांत त्यातली बरीचशी पडीक. मे महिन्यात सडा, म्हणजे इथलं कातळाचं पठार, बघणाऱ्याला तो तसाच वाटतो; काळा कातळ, पायाला चटके. पण पावसाळा सरता सरता त्याच सड्यावर गवत माजतं. माझी आत्या मिठगवाण्याला दिलेली. तिच्या गोठ्यातली वर्षाची वैरण तिथूनच यायची. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, आणि भाताच्या राबासाठी टहाळ. कातळ फोडून, दुसरीकडची माती आणून लावलेली हापूसची कलमं तर कुणालाही दिसतील अशी उभी होती.

तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, तेव्हा जनसुनावणी कायद्यातच नव्हती. माडबनला ती मे २०१० मध्ये झाली, पण पर्यावरण अहवाल मराठीतून वेळेवर हाती पडला नाही, अशी गावांची तक्रार राहिली. दाराशी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या येणार, आणि वाचायला कागद नाही! नोव्हेंबरात ३५ अटींसह केंद्र सरकारची मंजुरी आली. डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले आणि अरेवा कंपनीशी करार झाला. इकडे बहुतेक घरांनी भरपाईच्या चेकला हात लावला नव्हता.

गावांच्या विरोधात भूकंपाची भीतीही होती; ती बाहेरच्यांनी डोक्यात भरवली, असं तेव्हा बोललं जायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. फडताळातली भांडी खाली आली, आजीने मला उचलून खळ्यात नेलं. माझ्या वयाच्या माणसांना भूकंप शिकवायला कुणी यावं लागत नाही.

खाडीपलीकडच्या साखरी-नाटे गावच्या मच्छीमारांची जमीन यात जात नव्हती. तरी ते उतरले. केंद्रातून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल, ही त्यांची काळजी. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली आणि १८ एप्रिलला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. मी नोकरीत होतो, एकाही मोर्चात गेलो नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

२०१३ मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेली आणि पुष्कळांनी चेक घेतले. सगळी ओरड पैशासाठीच होती, असं त्यावरून म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं : जमीन त्याआधीच सरकारजमा झाली होती. घेतला नसता तरी सातबारा परत येणार नव्हता.

अरेवाची जागा पुढे ईडीएफ या फ्रेंच कंपनीने घेतली. मी हे लिहितो आहे तोवर सड्यावर एकही अणुभट्टी उभी नाही. त्या वर्षांतल्या नोटिसा, पत्रकं, ग्रामसभेचे ठराव कुणाच्या ट्रंकेत असतील, तर यंदा पावसाआधी ते बाहेर काढा, ऊन दाखवा. वाळवी लागू देऊ नका.