बेथेल आणि कोरा रकाना

पालीला माझ्या घरी एक विद्यार्थी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आला. जातीच्या रकान्यात त्याने ‘मांग’ लिहिले होते. धर्माचा रकाना कोरा होता. त्याचे आजोबा जालन्याकडे ख्रिस्ती झालेले. ‘सर, इथं काय लिहू?’ त्याने विचारले. लगेच उत्तर देण्याऐवजी मी त्याला एका धर्मसुधारकाची हकीकत सांगितली. तरुण मित्रांनो, तीच तुमच्यासाठी लिहीत आहे.

नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले आणि 1843 साली त्यांनी प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याकडे राहायला गेला. कोर्टाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो ख्रिस्त्यांच्या घरी राहिला आणि जेवला, एवढाच त्याचा गुन्हा. तेवढ्यावर तो जातीबाहेर गेला! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. चार घास अन्नाने ब्राह्मणाचे पोर बाटत असेल, तर ज्यांची सावलीही बाटवणारी ठरवली होती, त्यांचे जिणे काय असेल?

ते कसे होते हे 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त लिहिले. ती जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. वेद ऐकण्याचा अधिकार नसलेल्या आम्हा माणसांचा धर्म तरी कोणता, असे तिने देवालाच विचारले. माझ्या विद्यार्थ्याचा कोरा रकाना हा तोच प्रश्न आहे.

शेषाद्री 1860 नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यात, जालन्याला कामाला लागले. त्यांच्या हाकेला ओ दिली ती मुख्यतः मांगवाड्याने. ख्रिस्ती झाल्याने गावाचा जाच संपत नाही, हे शेषाद्रींनी ओळखले. दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तेथे वस्ती उभी केली. तिचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. तेथे प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली. येसकरकी, दोर वळणे आणि शिळे तुकडे हेच ज्यांच्या वाट्याला होते, त्यांना गावकुसाच्या धाकाबाहेर राहायला जागा मिळाली. मला शेषाद्री मोठे वाटतात ते यासाठी. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही ते बोलले. 1891 साली परदेशातून परतताना बोटीवरच त्यांचे निधन झाले.

पण केवळ गौरव करून इतिहास पुरा होत नाही. बेथेलची जमीन दिवाणाने दिली, ती मागितली शेषाद्रींनी. ज्यांच्यासाठी हे घडले त्या मांग स्त्रीपुरुषांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे आहेत? येथेच 1956 सालचे नागपूर वेगळे ठरते. तेथे निर्णय आपल्यातल्याच माणसाने, वीस वर्षांच्या अभ्यासानंतर घेतला आणि लाखो लोक स्वतःच्या पायांनी चालत त्याच्यामागे गेले.

आणि जात? ती धर्मांतरितांच्या पाठोपाठ आली. गावाने ख्रिस्ती मांगाला मांगच मानले. 1950 च्या आदेशाने मात्र अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. गावाला जी जात दिसते, ती कायद्याला दिसत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, ‘खरे असेल ते लिही. मग त्याची किंमत तुला का मोजावी लागते, हे विचारायला आपण मिळून जाऊ.’ त्याने पेन उघडले. मुक्ताचा प्रश्न पुढे नेण्याचे काम आता त्याचे आहे, तुमचे आहे आणि माझेही.