जॉन, कुठला जॉन?

चपला काढा. पायजमा गुडघ्याच्या वर खोचा आणि उतरा त्या लाकडी कुंडात. आधी एकदा पोटभर श्वास घेऊन ठेवा. आत उतरल्यावर तो घ्यावासा वाटणार नाही. कुंडात गावभरातून गोळा केलेली, मुरवून जुनी केलेली लघवी आहे. डोळ्यांना झोंबली ना? झोंबणारच. तो अमोनिया. लोकरीतला तेलकटपणा त्याच्यापुढे टिकत नाही.

साल 1379, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं एक खेडं. पायाखाली मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरीचं कापड आहे: विरळ आणि चिकट. तुडवा! डावा, उजवा, डावा, उजवा. शेजारच्याचं कोपर तुमच्या बरगडीत, त्याचा घाम तुमच्या खांद्यावर. पोटऱ्या भरून येतात, तसं कापड आटू लागतं, धाग्याला धागा बिलगतो आणि तळव्यांना घोंगडीसारखी ऊब लागते. ओढ्यावरच्या चक्कीचे लाकडी हातोडे हेच काम धाडधाड करताहेत, पण तिथे पैसे मोजावे लागतात. पाय काय, घरचेच!

आता कापड खळबळून धुवा आणि उन्हात चौकटीवर ताणून बसवा. जपून, काठाला अडकवायचे ते आकडे बोटात घुसतात.

तेवढ्यात कर गोळा करणारा हजर. "नाव?"

"जॉन."

त्याच्या कपाळाला आठ्या. भट्टीपाशी घण मारणारा जॉन, पिठानं पांढरा झालेला जॉन. गावात जॉनच जॉन! तो तुमच्या सुरकुतलेल्या पायांकडे बघतो, नाकाला बाही लावतो आणि लिहितो: वॉकर. इथलं हे 'वॉक' म्हणजे सकाळचा फेरफटका नव्हे, कापड तुडवणं. हेच काम डेव्हनमध्ये करत असता तर 'टकर' झाला असता, दक्षिणेत किंवा पूर्वेकडे 'फुलर'.

लॅटिन यादीत तुमचा जॉन 'जोहान्नेस' होतो, वॉकर मात्र तसाच राहतो. तुमच्याइतकंच तुडवणाऱ्या बायकोची नोंद नुसती 'आणि त्याची बायको'. काढा दोघांचे मिळून चार पेन्स.

कुरकुर करू नका, एवढ्या पैशांत नाव पिढ्यान् पिढ्या टिकणार आहे. तुमचा पणतू पाव भाजेल, त्याचा पणतू जहाजावर जाईल. कुंडाचा वाससुद्धा त्यांना ठाऊक नसेल, तरी हाक येईल ती वॉकर म्हणूनच.