बाल्टिमोरची एकोणीस पोरे

१९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडून घेतले, हे चाळीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. पण त्याच समाजाने पुढे आपली मुले प्रयोगशाळेपर्यंत कशी नेली, हा इतिहास आपल्याकडे कोणी सांगत नाही. वाचनालयात बसून आम्ही जो थोडाफार गोळा केला तो येथे मांडतो.

अडचण अशी होती. शाळेत पहिला नंबर काढणारी काळी मुले कॉलेजात गणिताला, रसायनशास्त्राला आपटायची. मग रोगजंतू, औषधे यांवर पीएच.डी. करणे लांबच राहिले. विद्वान मंडळी म्हणायची, घरची गरिबी आहे, जिद्द नाही, आई-बापांचा पाठिंबा नाही. ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे! १९७० च्या दशकात बर्कले विद्यापीठातल्या युरी ट्राइसमन यांनी मात्र प्रत्यक्ष मुलांत मिसळून पाहिले. वीस काळी मुले, वीस चिनी वंशाची. चिनी मुले एकत्र बसून गणिते सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. काळी मुले सांगितलेला अभ्यास करत, पण एकेकटी. चूक कुठे होते ते परीक्षेतच कळायचे. ट्राइसमन यांनी त्यांना सोपे करून शिकवले नाही. उलट जास्त अवघड गणिते दिली, पण एकत्र बसवून. निकाल बदलला.

आम्हाला हे लगेच पटले. साचेखात्यात नवा बदली कामगार एकटा उभा केला की दिवसभर तुटके धागेच जोडत बसायचा. जुन्या माणसाशेजारी उभा केला की त्याचा हात बसायचा.

आता बाल्टिमोरकडे वळू. फ्रीमन हराबाउस्की हा बर्मिंगहॅम गावचा मुलगा. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेवर शाळकरी मुले मोर्चात उतरली, त्यात बारा वर्षांचा हा पोरगा पाच दिवस कोठडीत राहिला. पुढे गणित शिकला, चोविसाव्या वर्षी पीएच.डी. झाला आणि १९८७ साली बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठात अधिकारी म्हणून आला. रॉबर्ट मेयरहॉफ या धनिकाने पैसा दिला आणि १९८८ साली योजना सुरू झाली. १९८९ ची पहिली तुकडी १९ जणांची, सगळे काळे मुलगे. पुढच्या वर्षी मुलींनाही प्रवेश मिळाला.

शिष्यवृत्ती तर होतीच, पण नुसत्या पैशावर काम भागले नसते. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात सहा आठवडे सगळ्यांनी एकत्र राहायचे, गणित-विज्ञानाचे वर्ग करायचे, गटाने अभ्यास करायचा. एखाद्या विषयात ‘सी’ श्रेणी आली तर, पास झालास ना, म्हणून सोडत नसत; तो विषय पुन्हा घे, असे सांगत. मोठ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षांपासूनच हात घालायला मिळे. एड्सच्या विषाणूवर काम करणारे मायकेल समर्स त्यांपैकीच एक. घरच्यांनाही यात सामील करून घेत.

मधे एक संकट आले. १९९४ साली अपील कोर्टाने मेरीलँडमधलीच दुसरी एक, फक्त काळ्यांसाठीची शिष्यवृत्ती रद्द ठरवली. म्हणून १९९६ पासून ही योजना सर्व वंशांच्या मुलांना खुली झाली. वाचून आम्हाला प्रथम रागच आला. पण अभ्यासाची शिस्त तीच राहिली. निवड होऊनही दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या मुलांच्या तुलनेत इथली मुले विज्ञानाच्या पुढच्या शिक्षणाला सुमारे पाचपट जास्त गेली, असे मोजणीत दिसले.

त्यांतलीच किझमेकिया कॉर्बेट. २००८ साली इथून पदवीधर झाली, २०१४ साली चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून पीएच.डी. २०२० साली कोरोनावरची मॉडर्ना लस घडवणाऱ्या सरकारी शास्त्रज्ञांत ही काळी मुलगी पुढे होती. त्याआधीच, २०१३ साली, त्याच चॅपेल हिलने बाल्टिमोरची ही पद्धत आपल्याकडे सुरू केली होती.